मामासाहेबांचा पाट आणि सात सीटांची गाडी

आमचे मामासाहेब मोटार बघायला जाताना बरोबर पाट घेऊन जातात. पाट म्हणजे जेवायला बसायचा पाट. सागवानी, वीतभर उंच, चारी कोपऱ्यांना पितळेची फुलं ठोकलेला, कापडी पिशवीत घातलेला. शोरूमच्या आरशासारख्या फरशीवर ते तो पाट गाडीच्या दाराखाली मांडतात, चपला काढतात, पाटावर उभे राहतात आणि मग दाराला धरून आत चढतात. उतरतात. पुन्हा चढतात. अशी चार-पाच आवर्तनं झाली की टाय लावलेल्या विक्रेत्याकडे वळून कडाडतात, "मतलब काय याचा?"

कशाचा मतलब, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. आठ महिने मलाही कळलं नव्हतं. आणि मी रागीट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि वर्गात कुणी परीक्षानळी फोडली तर तो आवाज ऐकून मुलं माझ्या तोंडाकडे बघतात. अशा बाईला आठ महिने या पाटाच्या मागे रविवारमागून रविवार इंदूरला फिरावं लागलं. तेव्हा या लेखात थोडी आग असली तर ती न्याय्य आहे असं समजावं.

मामासाहेब हे माझ्या नवऱ्याचे, विनयचे, सख्खे मामा. देवासला आमच्या समोरच्याच घरात राहतात. लग्न केलं नाही. सगळी नोकरी सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात गेली. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूकडे बघताना त्यांना आधी तिची लांबी-रुंदी दिसते. माझं लग्न ठरलं तेव्हा मला बघून ते म्हणाले होते, "उंची पाच फूट दोन. ठीक आहे, स्वयंपाकघराची फळी हाताला येईल." हा त्यांनी केलेला माझा पहिला आणि शेवटचा गौरव.

आमच्या घरात मामासाहेबांच्या रुकाराशिवाय मोठी वस्तू येत नाही. माझ्या सासूबाई होत्या तेव्हापासूनची ही पद्धत. फ्रिज आला तेव्हा त्यांनी आधी दार मोजलं, कूलर आला तेव्हा खिडकी मोजली. तेव्हा जुनी छोटी गाडी काढून विनयने मोठी, आलिशान, सात सीटांची गाडी घ्यायची ठरवलं आणि भाऊबीज झाल्यावर रीतीप्रमाणे मामांच्या कानावर घातलं, तिथंच चूक झाली. विनयची बियाण्यांची एजन्सी आहे, रोज टोंकखुर्दकडच्या कच्च्यापक्क्या रस्त्यांवर हाडं खिळखिळी होतात, त्याला उंच आणि दणकट गाडी हवी होती. यात काय चुकलं? पण मामासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "घरात माणसं किती?"

"तीन," विनय म्हणाला. "त्यातला चिरंजीव पुण्याला."

"मतलब अडीच. आणि सीटा सात! बाकीच्या साडेचार सीटांवर काय, हवा बसणार?"

त्यानंतर त्यांनी जुन्या नकाशाचा एक मोठा कागद काढला, त्याच्या कोऱ्या पाठीवर मधोमध रेघ मारली आणि डावीकडे 'गुण' आणि उजवीकडे 'दोष' असं सुंदर अक्षरात लिहिलं. आठ महिन्यांत गुणांची बाजू तळहाताएवढी भरली. दोष कागदाच्या खाली जाऊन पलीकडून वर आले.

माणूस खोटा नव्हे, हे मात्र म्हणायला हवं. गाडीच्या उंच चाकांना त्यांनी मनापासून दाद दिली. "नालछ्याकडच्या रस्त्याला पावसाळ्यात हीच टिकेल." हवेच्या पिशव्या पुढे-मागे-बाजूला सगळीकडे आहेत, हेही 'गुण'मध्ये लिहिलं. इंजिन जरासुद्धा थरथरत नाही, म्हणून विक्रेत्याने बॉनेटवर रुपयाचं नाणं उभं करून दाखवलं. तेव्हा मामासाहेबांनी खाली वाकून नाण्याकडे बराच वेळ पाहिलं आणि अस्सल इंदुरी थाटात म्हणाले, "वाह भिया." मला वाटलं, झालं, आता पेढे. पण तोच विक्रेत्याने उत्साहाने काचेचं छत उघडलं.

"हे काय?"

"सनरूफ, अंकलजी. आसमान दिखता है."

"मे महिन्यात? माळव्यात? आसमान दिखता है, मतलब काय? आम्ही छत कशाला बांधतो, आसमान दिसू नये म्हणून ना? गाडीत माणसं नेणार की पापड वाळत घालणार?"

मग पडद्याची पाळी आली. एसी कमी करायचा तर पडद्यावर बोट, गाणं लावायचं तर पडद्यावर बोट. "हात ओले असले तर? सूनबाईच्या हाताला पीठ असलं तर?" मी गाडीत बसून कणीक मळत नाही, हे मी सांगितलं. ते त्यांना पटलं नाही.

पण खरा भडका उडाला तो डिकीवरून. विक्रेत्याने दोन्ही हात वर करून दाखवले आणि गाडीच्या मागच्या बाजूखाली अलगद पाय हलवला. डिकी आपोआप उघडली. "हाथ में सामान हो, तो बस पैर से!"

मामासाहेब दोन पावलं मागे सरले. "लाथ? घरी आणल्यावर जिला हळदकुंकू लावणार, नारळ फोडणार, हार घालणार, तिला लाथ मारायची? लक्ष्मीला लाथ? शरम नाही वाटत, भिया, असं शिकवायला?" शोरूममधली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. मी पाट पिशवीत घातला आणि मान खाली घालून बाहेर आले.

असे रविवार किती झाले ते मोजलं नाही. प्रत्येक गाडीला पाट लागला. प्रत्येक ठिकाणी त्यांनी एसीची मागची भोकं तपासली, तोंड जवळ नेऊन, डोळे मिटून. आणि प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न ठरलेला होता. "धारच्या गल्लीत वळेल का?"

"मामासाहेब, आपण देवासला राहतो," मी दात आवळून म्हणायचे.

"वो तो ठीक है. पण वळेल का?"

एकदा तर त्यांनी गाडीच्या मापाचा बांबूचा सांगाडा बांधवला. लांबी-रुंदी अगदी तंतोतंत. म्हणे, गल्लीत वळते का बघू, आधी इथल्या, मग धारच्या. तो सांगाडा चार शेजाऱ्यांच्या खांद्यांवर दिला आणि स्वतः पुढे उलटं चालत "डावीकडे, अजून डावीकडे" करत निघाले. बांबू, चार खांदेकरी आणि पुढे गंभीर चेहऱ्याचा वयस्क माणूस. लोकांनी काय समजायचं? किराणा दुकानदाराने शटर अर्धं ओढलं आणि हात जोडले. कोपऱ्यावरची बाई डोक्यावर पदर घेऊन पुढे आली आणि हळू आवाजात मला विचारलं, "कौन चला गया, बेन?"

"गाडी है!" मामासाहेब तिकडून ओरडले. "जिवंत गाडी है!"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

आता तिसऱ्या रांगेबद्दल. मामासाहेबांचा सगळ्यात मोठा राग तिसऱ्या रांगेवर. एरवी ते चिडतात तेव्हा हात हलवतात. तिसऱ्या रांगेविषयी बोलताना हात पाठीमागे बांधून बोलायचे. "मधली सीट पाडा, तिच्यावरून चढा, अंग चोरा, गुडघे हनुवटीला लावा. ही बसायची जागा आहे? सामान ठेवलं तर माणूस बसत नाही, माणूस बसलं तर सामान राहत नाही. ज्यानं ही रांग काढली ना, त्याला तिथं बसवून धार ते बाग न्या!"

धार ते बाग असं ते म्हणायचे, कारण लेण्यांच्या त्या बाग गावाला आम्ही तसे गेलो होतो. तीन वर्षांपूर्वी विनयची चुलतबहीण आणि तिचे यजमान नागपूरहून असलीच एक मोठी गाडी घेऊन आले होते. बागेची लेणी बघायची, बागेच्या छापाच्या साड्या घ्यायच्या, असा बेत ठरला. वाटेत धारहून जिजीला घेतलं. जिजी म्हणजे मामासाहेबांची थोरली बहीण, आमच्या सगळ्यांची जिजी, पंच्याहत्तरीची. यजमान गाडी चालवत होते. पुढची जागा मानाची, ती अर्थात मामासाहेबांना. मधल्या रांगेत आम्ही तिघं. तिसऱ्या रांगेत बॅगा आणि जिजी. "मला चालतं," जिजी म्हणाली, आणि सीटवरून चढून मागे गेली.

बागेला पोचलो तर तिचे गुडघे धरलेले. मधली सीट काही केल्या सरकेना. शेवटी डिकी उघडली आणि जिजी बॅगांवरून हातापायांवर रांगत बाहेर आली. काष्टा सावरत, केस विस्कटलेले. छपाईच्या कारखान्यातली माणसं ठप्पे हातात धरून बघत राहिली. आम्ही हसून हसून बेजार. जिजीसुद्धा हसत होती. मी त्याचा व्हिडिओ काढला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, आणि पुढची तीन वर्षं प्रत्येक लग्नामुंजीत ती गोष्ट मीच रंगवून सांगितली. लोक फार हसायचे.

तर जुलै आला. आठ महिने झाले. विनयच्या जुन्या गाडीचा सायलेन्सर टोंकखुर्दच्या रस्त्यावर गळून पडला. त्या संध्याकाळी मामासाहेब कागद घेऊन आले आणि म्हणाले, "पांढरी गाडी तशी बरी आहे, पण पाटावर उभं राहिलं की तिचा पायठा, मतलब आत चढायची पायरी, आणखी एका पाटापेक्षा दीड इंच वर आहे."

माझा तोल गेला. "मामासाहेब, दीड इंचासाठी आम्ही आयुष्यभर थांबायचं का? गाडी आम्हाला घ्यायची आहे, तुम्हाला नाही. तुम्ही ना चालवणार, ना कुठे जाणार. पाट घ्या आणि घरी जाऊन जेवायला बसा त्यावर!"

बोलले खरी. ते "मतलब काय" म्हणाले नाहीत. कागदाची नीट घडी घातली, पाट पिशवीत घातला आणि रस्ता ओलांडून घरी गेले. त्यांच्या ओट्यावरचा दिवा लागलेला दिसला.  मला वाईट वाटलं, पण माझंच खरं आहे असंही वाटत होतं.

पुढच्याच आठवड्यात धारला शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. मी जिजीकडे उतरले. सकाळी चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेले तर जिजी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी होती. समोर जमिनीवर पाट. तसाच सागवानी, तशीच पितळेची फुलं. ती एक पाय वर ठेवायची, दम घ्यायची, दुसरा उचलायची, आणि आकडा म्हणायची. "सात." उतरायची. "आठ."

"जिजी, हे काय चाललंय?"

"दहा झाले की सांगते." दहा झाल्यावर ती स्टुलावर टेकली. "भाऊनं सांगितलंय रोज करायला. दिवाळी झाल्यावर आला होता तेव्हा आम्ही दोघांनी मोजून बघितलं. एका वेळी एक पाट चढू शकते मी. दोन नाही जमत. जोडीचे पाट आहेत ना हे, एक इथं ठेवला, एक तो घेऊन गेला. म्हणाला, जिजी, एका पाटात चढता येईल अशी गाडी मी विनयला घ्यायला लावतो, आणि नवरात्रात तुला टेकडीच्या देवीची ओटी भरायला घेऊन जातो."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"रोज संध्याकाळी फोन येतो त्याचा," जिजी म्हणाली, "कोणती बघितली, कशी आहे. ती काळी नका हो घेऊ, तिची मागची हवा नुसती फुंकर आहे. आणि पांढरी बरी, पण दीड इंच वर आहे म्हणे. मी त्याला म्हटलं, दीड इंच मी करीन. पाटाखाली हिशेबाची जुनी वही ठेवून रोज दीड इंच जास्त चढते आता. बघ."

खरंच पाटाखाली कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. लग्न झाल्यापासून पन्नास-पंचावन्न वर्षं दर नवरात्रात देवासला येऊन टेकडीच्या देवीची ओटी भरणारी जिजी तीन वर्षं आली नव्हती. आम्ही विचारलं की म्हणायची, "गुडघे गं." टेकडीवर जायला आता रोपवे आहे. प्रश्न टेकडीचा नव्हताच. बागेहून आल्यापासून जिजी कुणाच्याही गाडीत बसली नव्हती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"त्या दिवशी भाऊ पुढे बसला होता ना," जिजी म्हणाली, "ते त्याला लागून राहिलंय. मी म्हटलं अरे, मी हसलेच होते की. तर म्हणतो, तू हसलीस म्हणून तर." मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तू पाठवला होतास ना व्हिडिओ. मी बघितला. मागून कशी दिसते बाई, कळलं तरी."

मला माझा इतका राग कधी आला नव्हता. येतानाही आम्ही तिला त्याच जागेवर बसवून आणलं होतं. डिकीतून काढलेल्या बाईला परत त्याच सीटवरून मागे पाठवलं, आणि जागा बदलावी हे बाकीच्या पाच माणसांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि आठ महिने मी ज्या माणसावर चरफडत होते, तो फक्त तेवढीच एक जागा बदलत होता.

मी देवासला आले, बॅग घरात न टाकता समोर गेले. मामासाहेब ओट्यावर पेपर वाचत होते.  माफी मागायची मला सवय नाही. "पांढरी घेऊ या," मी म्हटलं. "दीड इंचाचं जिजीनं बघितलंय."

त्यांनी पेपर खाली घेतला नाही. पेपरामागूनच आवाज आला, "दोष बावीस आहेत तिच्यात."

"असू देत."

"लिहून ठेवलेत म्हणून सांगितलं."

पांढरी गाडी आली. नारळ फुटला. नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी विनय, मामासाहेब आणि मी धारला गेलो. गल्लीत गाडी वळली, बांबूने दाखवलं होतं तशीच, दोन्हीकडे वीतभर जागा राखून. मामासाहेबांच्या हातात जिजीची बॅग आणि ओटीच्या सामानाची टोपली. डिकी बंद. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहत नाही अशी खात्री केली, गाडीखाली हळूच पाय हलवला आणि डिकी उघडल्यावर बॅग ठेवून गाडीला हात लावून तो कपाळाला लावला. मी पाहिलं. 

मग त्यांनी पुढचं दार उघडलं आणि खाली पाट मांडला.

"अरे, तिथं तू बस," जिजी म्हणाली. "मला मागे चालतं."

"तुला चालतं," मामासाहेब म्हणाले. "मला नाही चालत."

जिजीने दाराला धरलं, एक पाय पाटावर ठेवला, दुसरा ठेवला, ओठ हलले, मनातल्या मनात आकडा म्हणाली असेल, आणि चढली. गल्लीतल्या दोन बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिने पदर सावरला आणि समोरच्या मोठ्या काचेतून असं बघितलं की जणू रस्ता तिच्यासाठीच केलेला आहे.

मी मधल्या रांगेत बसले आणि शेजारची सीट थोपटली. "मामासाहेब, या."

"नाही. मला दोष तपासायचे आहेत." आणि बहात्तर वर्षांचा तो माणूस सीट पाडून, तिच्यावरून चढून, अंग चोरत तिसऱ्या रांगेत गेला. गुडघे हनुवटीला, शेजारी टोपली, मांडीवर पाट.

इंदूर जाईपर्यंत मागून एक शब्द आला नाही. जिजीच बोलत होती, हे झाड नव्हतं, हा पूल नवा आहे, इथे पूर्वी भजी चांगली मिळायची. मध्येच तिने मान वळवायचा प्रयत्न केला. "भाऊ, हवा लागते का रे तिथं?"

"लागते, लागते. एकदम फर्स्ट क्लास!" मामासाहेब म्हणाले. "काय गाडी आहे!"

आठ महिन्यांत त्यांनी एकाही गाडीला असं म्हटलं नव्हतं.

देवासला आमच्या गल्लीत थांबलो. मी उतरून मधली सीट पाडायला लागले, तर आतून आवाज आला, "सीट राहू दे सूनबाई, डिकी उघड." मी उघडली. मामासाहेब बॅगेवरून, टोपली सांभाळत, हातापायांवर रांगत बाहेर आले. किराणा दुकानदार बघत होता, कोपऱ्यावरची ती बाई बघत होती. सदरा पाठीला चिकटलेला, चेहरा लाल, चष्मा एका कानावर. माझा मोबाईल हातातच होता. मी तो पर्समध्ये टाकला.

तेवढ्यात विनयने पुढच्या पडद्यावर बघून कपाळाला हात लावला. तिसऱ्या रांगेचा एसी धारपासून बंदच होता. चालू करायचं आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"अहो मामासाहेब," माझा आवाज चढलाच, सवयीने, "घामानं निथळताय! बोलायचं की हो एकदा तरी!"

"तेव्हा जिजी बोलली होती?"

एवढंच म्हणून त्यांनी चष्मा सरळ केला, गाडीला वळसा घालून पुढे गेले, आणि पाट खाली ठेवून तो हलत नाही ना ते हाताने दाबून बघितलं.

"उतर जिजी," ते म्हणाले. "पाट मांडलाय."